‘ताईची’ म्हणजे कुणाची? नवशिक्यांसाठी पहिले सहा महिने

मराठी घरात ‘मी ताईची शिकतोय’ म्हटलं की समोरून हमखास येतं, ‘ताईची काय?’ हा विनोद तुमच्या वाट्याला निदान दहा वेळा येणार आहे, तेव्हा आत्ताच हसून घ्या. नावातला खरा घोळ मात्र वेगळाच आहे. मूळ चिनी नाव ताइजीछुआन. ‘ताइजी’ म्हणजे परम टोक, ज्यातून यिन आणि यांग ही जोडी निघते असं चिनी तत्त्वविचार मानतो. ‘छुआन’ म्हणजे मूठ, आणि मुठीवरून लढायची कला. रोमन लिपीत चिनी लिहायच्या एका जुन्या पद्धतीमुळे ‘जी’चं ‘ची’ झालं, बोलण्याच्या ओघात ‘छुआन’ गळून पडलं, आणि उरलेल्या ‘ची’ला लोकांनी प्राणशक्तीचा ‘छी’ समजून टाकलं. हे दोन शब्द वेगळे, चिनी लिपीतली त्यांची अक्षरंही वेगळी. त्यामुळे पहाटे बागेत संथपणे हात फिरवणारी मंडळी हवेतून ऊर्जा गोळा करत असतात, हा समज आधी बाजूला ठेवा. मुळात तो गुद्द्यांचा, धक्क्यांचा आणि समोरच्याला आडवं पाडायच्या डावांचा रियाज आहे, विलंबित लयीत घोटलेला.

मी शिकायला लागलो तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत चोवीस हालचालींची अख्खी माळ पाठ केली आणि तिसऱ्या महिन्यात उजवा गुडघा धरून बसलो. डोक्यात सगळं होतं, पायात काहीच नव्हतं. पुढे जे लिहितोय ते बरंचसं त्या गुडघ्याने शिकवलेलं आहे. त्याचा गाभा असा: पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला एकच गोष्ट कमवायची आहे. या क्षणी माझं वजन कोणत्या पायावर आहे, हे खाली न बघता सांगता यायला हवं. चिनी उस्ताद याला रिकामा पाय आणि भरलेला पाय म्हणतात.

पायरी १: घराणं निवडा

शास्त्रीय संगीतासारखी इथेही घराणी आहेत. प्रमुख पाच: चेन, यांग, वू, दुसरं वू (आपल्या लिपीत उच्चार सारखाच दिसतो, चिनीत आडनावं वेगळी; या दुसऱ्याला हाओ घराणंही म्हणतात) आणि सुन. यूट्यूबवर पाचही घराण्यांचे व्हिडिओ एकापाठोपाठ एक समोर येतात आणि नवशिक्या सगळ्यांतलं थोडंथोडं उचलतो. तसं करू नका. एका घराण्यात पुढचं पाऊल थोडं आत वळवतात, दुसऱ्यात सरळ ठेवतात. एकात धड किंचित पुढे झुकतं, दुसऱ्यात उभं राहतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, भेसळ मात्र चूक.

निवड करण्याआधी थोडी वंशावळ माहीत असलेली बरी, कारण शिक्षकाला विचारायचे प्रश्न तिच्यातूनच सुचतात. हेनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेला, वेन परगण्यात चेनजियागोऊ नावाचं खेडं आहे. नावाचा अर्थ चेन घराण्याची घळ. तिथल्या चेन कुळाच्या नवव्या पिढीतला चेन वांगथिंग हा मिंग राजवटीच्या अखेरच्या काळातला लढवय्या. १६४४ मध्ये ती राजवट कोसळली. गावी शेती करत, पोराबाळांना शिकवत त्याने ही कला बांधली, असं चेन कुळाची परंपरा सांगते. त्याच्या आधी शंभरेक वर्षं सेनापती छी जीग्वांगने सैनिकांसाठी बत्तीस पवित्र्यांचा मुष्टियुद्धाचा पाठ लिहून ठेवला होता. त्या पवित्र्यांची कितीतरी नावं चेन घराण्याच्या माळांमध्ये जशीच्या तशी सापडतात. थोडक्यात, ही कला ढगातून पडलेली नाही. सैन्यातलं आणि गावठी, असं दोन्ही प्रकारचं लढणं तिच्यात मुरलेलं आहे.

दुसरी कथा तुम्ही ऐकाल ती झांग सानफंग नावाच्या ताओपंथी सिद्धाची. वुदांग पर्वतावर त्याने पक्षी आणि साप यांची झुंज पाहिली आणि त्यातून त्याला ही कला सुचली. कथा सुरेख आहे, इतिहास म्हणून टिकत नाही. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला थांग हाओ हा संशोधक स्वतः चेनजियागोऊला गेला, कुळाच्या वह्या चाळल्या आणि उगम चेन वांगथिंगपाशी आणून ठेवला. त्यावरही वाद आहेत, पण सिद्धपुरुषाच्या कथेपेक्षा या उगमाला कागदाचा आधार जास्त आहे. जाता जाता: आपल्याकडे कुणीतरी हमखास सांगतं की सगळं कुंग फू बोधिधर्माने भारतातून नेलं. ती आख्यायिका शाओलिन मठाची. ताइजीछुआनच्या वंशावळीत बोधिधर्म कुठेही नाही, आणि अभिमानासाठी त्याला तिथे बसवण्याची गरजही नाही.

कला गावाबाहेर गेली ती यांग लूछानमुळे. १७९९चा जन्म, हबेई प्रांतातल्या योंगनियानचा गरीब माणूस. चेनजियागोऊत राहून तो चेन छांगशिंगकडे शिकला. तो म्हणे तिथे नोकर होता आणि भिंतीच्या फटीतून चोरून बघायचा. ही गोष्ट रंगवून सांगितली जाते, तेव्हा तिच्यावर फार विसंबू नका. एवढं मात्र खरं की तो पुढे बीजिंगला गेला, मांचू सरदारांना आणि शाही रक्षकांना शिकवू लागला, आणि ‘अजिंक्य यांग’ म्हणून ओळखला गेला. योंगनियानचाच वू युश्यांग त्याच्याकडे आधी शिकला, मग स्वतः हेनानला जाऊन चेन कुळाच्या दुसऱ्या शाखेकडून शिकून आला. त्यातून हाओ म्हणूनही ओळखलं जाणारं वू घराणं निघालं. मांचू रक्षक छुआनयोऊ आणि त्याचा मुलगा वू जियानछुआन यांच्यातून यादीतलं पहिलं वू. सुन लूथांग हा आधीच शिंगयी आणि बागुआ या दोन कलांत तयार असलेला माणूस. पन्नाशीच्या आसपास ताइजी शिकला आणि तिन्हींचा मेळ घालून पाचवं घराणं उभं केलं. लूछानचा नातू यांग छंगफू (१८८३ ते १९३६) याने उड्या आणि झटके गाळून हालचाली मोठ्या, एकसारख्या आणि संथ केल्या. आज जगभर ‘ताई ची’ म्हणून डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते बव्हंशी त्याचं.

आता सल्ला. तिशीच्या आत असाल, गुडघे धड असतील आणि लढाऊ अंग खुणावत असेल, तर चेन घराणं बघा. त्याच्या लाओजिया माळेत संथपणाच्या मधोमध अचानक स्फोट होतो आणि पाय दणकन आपटतात. बाकी सगळ्यांनी यांग घराण्यातल्या चोवीस हालचालींच्या सुटसुटीत माळेपासून सुरुवात करावी. १९५६ मध्ये चीनच्या राज्य क्रीडा आयोगाने ती बसवली, सर्वसामान्यांना शिकता यावी म्हणून. जुन्या वळणाचे लोक तिला ‘सरकारी’ म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत. पाच-सहा मिनिटांत संपते, शिकवणारे सहज मिळतात, आणि पुढे कुठल्याही घराण्यात गेलात तरी पाय तयार झालेले असतात.

पायरी २: शिक्षक पारखा

आधी एक तास नुसतं बसून बघू द्या, असं सांगा. नाही म्हणाले तर तिथेच निरोप घ्या. बघताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. शिक्षक विद्यार्थ्यांचे पाय बघतात की हात? चांगला शिक्षक हातांबद्दल फार उशिरा बोलतो. एखाद्या हालचालीचा उपयोग विचारला तर ते कुणाला समोर उभं करून करून दाखवतात की ‘ऊर्जेचा प्रवाह’ यावर व्याख्यान देतात? आणि तिसरं: अंगाला न शिवता विद्यार्थी मागे उडतात असला प्रकार दिसला तर चपला घाला. तिथे शिक्षकापेक्षा विद्यार्थ्यांचाच अभिनय जास्त असतो.

कुणाकडे शिकलात, असं विचारणं उद्धटपणा नाही. वंशावळ सांगणं हा या परंपरेचा शिष्टाचारच आहे. अमुकच्या हाताखाली इतकी वर्षं, त्यांचे गुरू तमुक, एवढं सरळ उत्तर पुरे. आपल्याकडे वुशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलांच्या, स्पर्धा होतात आणि त्यात ताइजीछुआनचाही प्रकार असतो. तिथून आलेले प्रशिक्षक पायांनी पक्के असतात, पण स्पर्धेच्या माळेत उंच लाथा आणि उड्या असतात. पन्नाशीच्या माणसाने त्यांना स्पष्ट सांगावं: मला पदक नको, जिना उतरायचाय.

पंचक्रोशीत कुणीच नसेल तर व्हिडिओवरून शिकता येतं, पण एका अटीवर. दर आठवड्याला स्वतःचा व्हिडिओ समोरून आणि बाजूने काढा आणि फक्त गुडघे बघा. आरशावर भिस्त ठेवू नका. आरशात बघायला मान वळली की कणा गेलाच.

पायरी ३: जागा आणि जोडे

यावर फार बोलण्यासारखं नाही. सैल कपडे. पातळ, सपाट तळाचे बूट. टाच उंच असलेले धावायचे बूट नकोत, त्यांत जमीन कळत नाही. घरातल्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून करू नका. चोवीसच्या माळेतल्या सुरुवातीच्या हालचालींना एका दिशेने सहा मोठी पावलं जातील एवढी लांबी लागते, म्हणजे मध्यम गच्ची. रिकाम्या पोटी किंवा जेवल्यावर दीड-दोन तासांनी. गुडघ्याचं, कण्याचं किंवा चक्कर येण्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि ‘व्यायाम करू का’ असं मोघम विचारू नका. ‘अर्धवट वाकलेल्या एका पायावर वजन घेऊ का’ असं विचारा. उत्तर वेगळं येईल.

पायरी ४: नुसतं उभं राहा

पहिले दोन आठवडे बाकी काही नाही. पाय खांद्यांइतके लांब, पावलं समांतर. गुडघे कुलूप न लावता किंचित सैल. माकडहाडाला एक वजन टांगलंय आणि ते जमिनीकडे लोंबतंय असं समजा. माथा मात्र वरून कुणीतरी शेंडीला धरून उचलल्यासारखा. हनुवटी कणभर आत. खांदे सोडा, काखा आवळू नका. जिभेचं टोक टाळूला. नजर समोर. पहिल्या आठवड्यात तीन मिनिटं, पुढे आठवड्याला एकेक मिनिट वाढवत दहापर्यंत.

दुसऱ्या मिनिटाला तुम्हाला अत्यंत महत्त्वाची कामं आठवतील. आठवू द्या. मांड्या थरथरल्या तर उत्तम; गुडघ्याच्या वाटीखाली दुखलं तर थोडे वर या. सगळं वजन टाचांवर गेलंय की चवड्यावर, हे मधूनमधून तपासा. ते तळव्याच्या मधोमध, जिथे कमान सुरू होते तिथे थोडं पुढे यायला हवं. यांग लूछानचे गुरू चेन छांगशिंग इतके ताठ उभे राहत, की लोक त्यांना पूर्वजांच्या देव्हाऱ्यातल्या लाकडी पाटीची उपमा देऊन ‘पाटीवाले गुरुजी’ म्हणत. ताठ म्हणजे आखडलेले नव्हे. गर्दीत धक्का बसला तरी ते हलत नसत, अशी ख्याती.

इथेच तुम्हाला या विद्येतला सर्वांत महत्त्वाचा शब्द भेटतो, आणि मराठी माणसाची पुन्हा पंचाईत होते. शब्द आहे ‘सोंग’. चिनीत त्याचा अर्थ सैल सोडणं, गाठ सुटणं. ढेपाळणं नव्हे, अंबाडा सोडल्यावर केस जसे खाली येतात, तसं. कणा उभाच, पण त्यावरचं मांस लोंबतं. शिक्षक दर दोन मिनिटांनी ‘सोंग, सोंग’ करणार. आपल्याकडे म्हणतात सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. त्या यादीत हे दुसरं घाला. शिक्षकाने नुसता खांद्यावर हात ठेवला तरी कळतं.

पायरी ५: मांजराचं पाऊल

आता चाला. जुने उस्ताद सांगतात, पाऊल मांजरासारखं टाका. मला कोकणातली उपमा जास्त पटते: भर पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरताना आपण पाऊल कसं टाकतो? आधी टेकवून बघतो, विश्वास बसला तर मगच वजन देतो. अगदी तसंच.

सगळं वजन उजव्या पायावर न्या. डावा पाय आता रिकामा. तो उचला आणि टाच पुढे, वितीभर बाजूला, अलगद टेकवा. थांबा. आता परीक्षा: तो पाय धडाला हिसका न देता परत उचलता येतोय का? येत नसेल तर तुम्ही पाऊल टाकलेलं नाही, तुम्ही पडलेले आहात. फक्त पायाने वेळेवर झेललं. आपलं रोजचं चालणं हे असं पडणं आणि झेलणंच असतं. ते मोडून काढायला मला महिना लागला.

टाच टेकली, परत उचलता येते याची खात्री झाली, की तळवा टेकवा आणि वजन सावकाश पुढे न्या, साधारण सत्तर टक्के पुढच्या पायावर, तीस मागच्या. याला धनुष्याचा पवित्रा म्हणतात. दोन्ही पावलं एका रेषेत आणू नका, नाहीतर दोरीवर चालल्यासारखे डुलाल. रेल्वेच्या दोन रुळांवर एकेक पाय आहे असं समजा, रुळ वितीभर अंतरावरचे. रोज वीस पावलं पुढे, वीस मागे. मागे जाताना चवडा आधी, टाच नंतर.

गुडघ्याचा नियम

याला पायरी म्हणत नाही, कारण हा सगळ्या पायऱ्यांखाली आहे. गुडघा हा बिजागरीसारखा सांधा. तो प्रामुख्याने पुढे-मागे चालतो. पिळणं हे खुब्याचं काम. तेव्हा: एक, पुढचा गुडघा पायाच्या अंगठ्यापलीकडे जाऊ द्यायचा नाही. दोन, गुडघा नेहमी ज्या दिशेला बोटं, त्याच दिशेला. आत कोसळला की थांबा. तीन, आणि इथेच माझा गुडघा गेला, वजन असलेल्या पायावर पाऊल फिरवायचं नाही. आधी वजन मागच्या पायावर घ्या, पुढचा चवडा सुटा करा, टाचेवर बाहेर वळवा, मग वजन पुन्हा पुढे. घाईत सगळे हा मधला टप्पा गाळतात. संथपणा कशासाठी, याचं निम्मं उत्तर या टप्प्यात आहे: जलद केलं की तो लपतो, सावकाश केलं की चोरी उघडी पडते.

पवित्रा किती खाली घ्यायचा? आज दहा मिनिटं दुखल्याशिवाय टिकेल तेवढाच. फोटोत जमिनीला टेकणारे उस्ताद दिसतात, त्यांनी लहानपणापासून ते केलेलं असतं.

पायरी ६: पहिल्या चार हालचाली

तिसऱ्या महिन्यापासून माळेला हात घाला. चोवीसपैकी पहिल्या चारच, पुढचे तीन महिने. हो, तीन.

पहिली, आरंभ. डावा पाय उघडून खांद्याइतका. दोन्ही हात समोर खांद्यापर्यंत तरंगत वर, मग गुडघे मोडताना खाली. इथे हात ‘उचलायचे’ नाहीत. पाण्यात बुडवलेला चेंडू जसा आपोआप वर येतो तसे येऊ द्यायचे. इथे दुसरा महत्त्वाचा गुण भेटतो, त्याला ‘पंग’ म्हणतात. हात सैल आहे, पण लुळा नाही. हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखा: दाबलं तर दबतो आणि दाब परत देतो. हवा जास्त झाली की आखडलात, कमी झाली की कोसळलात.

दुसरी, जंगली घोड्याची आयाळ विंचरणं. तीनदा: डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. छातीसमोर मोठा चेंडू धरल्यासारखे हात, एक वर एक खाली. पाऊल टाका, आणि वजन पुढे जाताना खालचा हात तिरका वर डोळ्यांच्या उंचीपर्यंत, वरचा हात खाली कमरेशी. दिसायला नाच वाटतो. आता कुणाला तरी समोर उभं करा, तुमचं पुढचं पाऊल त्याच्या पायामागे ठेवा आणि तोच हात त्याच्या काखेखालून छातीवर आडवा वर न्या. तो मागे तुमच्या मांडीवरून जाईल. आखाड्यात उतरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. (सराव करताना त्याचं मनगट धरून ठेवा, खरंच पाडू नका.) हात पाडत नाही, पायाकडून कमरेकडे आलेलं वजन पाडतं, हात फक्त पत्ता सांगतो.

तिसरी, पांढऱ्या करकोच्याचे पंख पसरणं. मागचा पाय अर्धं पाऊल पुढे ओढा, सगळं वजन त्याच्यावर बसवा, पुढच्या डाव्या पायाचा फक्त चवडा टेकलेला. उजवा हात कपाळाजवळ, डावा कमरेशी. ही रिकाम्या पायाची शुद्ध परीक्षा. कुणीतरी येऊन तुमचा डावा पाय अचानक उचलला तरी धड हलता कामा नये. तो पाय रिकामा आहे म्हणजे तो लाथ मारायला मोकळा आहे, हेही लक्षात घ्या.

चौथी, गुडघा झाडून पुढे जाणं. तीनदा. एक हात गुडघ्यासमोरून झाडत खाली, दुसरा कानाजवळून पुढे ढकलत. खालून आलेली लाथ एका हाताने बाजूला, दुसऱ्याने छातीवर धक्का. नवशिके इथे हात आधी पोचवतात आणि वजन मागाहून. दोन्ही एकाच क्षणी पोचायला हवेत. माझ्या शिक्षकांनी महिनाभर मला हात खिशात घालून हीच हालचाल करायला लावली होती. अपमान वाटला होता, पण उपाय रामबाण.

श्वासाचं काय, हा प्रश्न इथे येतोच. उत्तर: सोडून द्या. नाकाने, सहज, पोट मोकळं. हालचालीशी श्वास जुळवायला जाल तर छाती आवळेल. वर्षभरात तो आपणच जुळतो.

पायरी ७: कुणाला तरी हात लावा

पाचव्या-सहाव्या महिन्यात जोडीदार शोधा. या सरावाचं नाव ‘थुइशोऊ’, जगभर ‘पुश हँड्स’ म्हणून रूढ. बागेतल्या वर्गांत बहुतेक वेळा हे गाळलं जातं, आणि तिथेच मुठीची कला निव्वळ कवायत होते. समोरासमोर, दोघांचा उजवा पाय पुढे, उजव्या मनगटांची पाठ एकमेकांना टेकलेली. एकजण समोरच्याच्या छातीकडे हळूच ढकलतो. दुसरा वजन मागे नेत, कंबर वळवत तो धक्का बाजूला जाऊ देतो, आणि गोल फिरवून परत ढकलतो. आडवं, सपाट वर्तुळ.

नियम दोनच. पाय हलला की थांबून पुन्हा सुरुवात. आणि मनगट सुटता कामा नये, पण दाबायचंही नाही. पहिल्या दिवशी तुम्ही जोर लावाल. सगळेच लावतात, तालमीत घुमलेले जास्त लावतात आणि सहज पडतात, कारण लावलेला जोर हा समोरच्याला दिलेला दांडा असतो, तो धरून तो तुम्हाला ओढतो. एकट्याने करताना ‘माझं वजन कुठे’ हा प्रश्न होता. आता त्याच मनगटातून ‘त्याचं वजन कुठे’ हे ऐकायचं. चिनीत या कौशल्याचं नावच ‘ऐकणारं बळ’ असं आहे. ऐकणं, कानाने नव्हे, कातडीने.

फायद्याबद्दल, थोडक्यात

काय अपेक्षा ठेवावी? तोल. यावर खरोखरच बरं संशोधन आहे. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास आला. आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल ताणाचे किंवा वजनाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. घरी राहणाऱ्या वृद्धांच्या पडण्याबद्दलच्या २०१९च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) ताई चीमुळे पडणाऱ्यांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी कमी झालेली दिसते. आई-वडिलांसाठी एवढं कारण मला पुरतं. वजन उतरवायला मात्र हा मार्ग नाही. त्यासाठी चाला, जिने चढा. कॅन्सर बरा करण्याचे दावे करणाऱ्यापासून दूर राहा, आणि औषधं बंद करा म्हणणाऱ्यापासून आणखी दूर.

वारसा कुठे येऊन थांबलाय

शिकता शिकता हे कळलेलं बरं, की ही साखळी तुटता तुटता राहिली आहे. चेन घराण्याचा उस्ताद चेन फाके १९२८ मध्ये बीजिंगला आला तेव्हा यांग घराण्याच्या संथ ताइजीला सरावलेल्या लोकांना त्याचे झटके आणि पाय आपटणं ओळखीचंच वाटेना. इकडे गावात शिकवणारे कमी होत गेले. चेन झाओपी हा उस्ताद १९५८ मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, गावी परतला आणि तरुण पोरांना शिकवू लागला. मग सांस्कृतिक क्रांती आली, जुनं ते सगळं संशयास्पद ठरलं. तरी त्याने आणि पोरांनी सराव सोडला नाही. १९७२ मध्ये तो वारला. त्याच्या हाताखालचे चेन शियाओवांग, चेन झंगलेइ, वांग शियान आणि झू थियानछाय हे चौघे पुढे जगभर शिकवत फिरले. आज तुम्हाला कुठल्याही शहरात चेन घराण्याचा शिक्षक भेटला तर त्याची वंशावळ बहुधा या चौघांपैकी एकाकडे जाते. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताइजीछुआनला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. चेनजियागोऊत आज शाळा आहेत, संग्रहालय आहे, परदेशी विद्यार्थी आहेत. शेतीच्या गावाची ही उलाढाल काहींना खुपते. मला वाटतं, बंद पडण्यापेक्षा बरी.

सहा महिन्यांनंतर उरलेल्या वीस हालचाली शिकायला आणखी सहाआठ महिने धरा. तलवार, पंखा वगैरेंचा मोह वर्षभर आवरा.

आणि आपल्याकडचा एक व्यावहारिक अडथळा: पाऊस. जून ते सप्टेंबर गच्ची निसरडी, मैदान चिखलाचं, आणि बहुतेकांचा सराव याच चार महिन्यांत सुटतो. चिनी मुष्टियोद्ध्यांची जुनी म्हण आहे की बैल बसेल एवढी जागा पुरे. दिवाणखान्यातलं टीपॉय सरकवा. आयाळ विंचरताना तिन्ही पावलं पुढे टाकायला जागा नसेल तर एक पाऊल पुढे, मग तेच मागे, असं डावी-उजवी करत राहा. त्याला कंटाळलात तर पाच मिनिटं नुसते उभे राहा. आणि भिंतीला एवढे जवळ उभे राहू नका की मागे जाताना टाच आपटेल; खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.